कुऱ्हाडी किती वेळा मेली

रविवार, २ फेब्रुवारी

बोर्डिंगात रविवारी दुपारी दोन ते तीन हा घरी पत्र लिहायचा तास असे. बोलायचं नाही. फक्त निबांची कुरकुर आणि सिस्टरांच्या बुटांचा आवाज. मी अकरा वर्षांची, छोटी आठची. सख्ख्या बहिणी म्हणून आम्हाला एका बाकावर बसू देत. एका रविवारी तिने पत्राच्या तळाशी, जिथे ‘तुमची लाडकी’ लिहायचं तिथे, एक दार काढलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. दाराशेजारी लिहिलं होतं, ‘मी दार उघडलं. आत काय आहे?’ मी लिहिलं, ‘जिना.’ तिने लिहिलं, ‘मी उतरते.’ मी लिहिलं, ‘पायऱ्या मोडक्या आहेत.’ ती म्हणाली (म्हणजे लिहिलं), ‘मग उड्या मारत उतरते.’ घंटा होईपर्यंत कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. त्या आठवड्यात घरी पत्र गेलंच नाही, आणि आईचं काळजीचं उलटपत्र आलं.

इतकं जुनं आज का आठवलं ते मला ठाऊक आहे. काल मी छोटीशी खोटं बोलले. खोटं बोललं की त्याच दिवशी लिहून काढायचं, असं आम्हाला शाळेत शिकवलेलं. एक दिवस उशीर झालाय.

ही वही कुणाच्या हाती पडली तर त्याला कळावं म्हणून नीट लिहिते. नकाशाखाली खुणांची सूची देण्याची सवय आहे. चौतीस वर्षं भूमापन कचेरीत नकाशे काढले. निवृत्त झाल्यापासून नकाशे काढते ते खेळासाठी. दर शनिवारी चार ते सात आमच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही चौघं बसतो. मी सूत्रधार. म्हणजे जग माझं, राक्षस माझे, हवापाणी माझं. बाकीचे तिघं त्या जगात एकेक पात्र होऊन फिरतात. काय करणार ते तोंडाने सांगतात, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो.

छोटीचं पात्र कुऱ्हाडी, दोन्ही हातांत दोन कुऱ्हाडी घेऊन लढणारी. अकरा वर्षं टिकलीय. छोटीची मुलगी, माझी भाची, दातांच्या कवळ्या करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. खेळात ती वैद्य आहे, काढेवाली. चौथे आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरचे शिंपी, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात. ते चोर. त्यांचे चार चोर मेले, हा पाचवा, मुंगूस. पहिला विहिरीत वाकून बघताना गेला, दुसरा अनोळखी पेटीवर बसला. तिसऱ्या-चौथ्याचं सांगत नाही, मास्तरांना लाज वाटते.

मरणाचा नियम असा. पात्राचे प्राण शून्यावर आले, आणि वेळेत काढा मिळाला नाही, की वीस बाजूंचा फासा एकदाच टाकायचा. दहा किंवा वर आला तर जगलं. खाली आला तर मेलं, त्या पात्राचा कागद फाइलीत. खेळाच्या नियमांच्या पुस्तकात तीन संधी दिल्यात. एक ठेवली ती छोटीच्या हट्टाने. “तीन-तीनदा काय मरायचं, नातेवाइकांच्या दारातून निघाल्यासारखं!” असं म्हणाली होती.

काल दलदलीत चिखल्या नावाच्या राक्षसाने कुऱ्हाडीला आपटलं. प्राण शून्य. मी माझ्या आडोशामागे फासा टाकला (जुन्या नकाशांच्या पुठ्ठ्याचा आडोसा आहे, माझी टिपणं कुणाला दिसू नयेत म्हणून). चार आला.

मी म्हटलं, “चौदा.”

छोटी “हुश्श” म्हणाली आणि डोक्यावरची टोपी सारखी केली. केस गेल्यापासून ती लोकरीची टोपी घालते.

उद्या तिचं तिसरं औषध आहे, शिरेतून द्यायचं. तीन आठवड्यांतून एकदा, सोमवारी. डॉक्टर म्हणाले आहेत, मन खंबीर राहिलं पाहिजे. अकरा वर्षांची कुऱ्हाडी आत्ता गेली तर ते मन कुठून आणायचं? म्हणून चौदा. पुन्हा करणार नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

काल दहाची वेळ होती, मी साडेआठलाच तिच्या दारात. “ताई, विमान पकडायचंय का?” म्हणाली. सुईला शीर सापडेना. नर्सने चार ठिकाणी टोचलं. मी खिडकीबाहेरच्या गाड्या मोजत होते, एकशे बारापर्यंत आले.

आज तिला पाणीही राहत नाही. भाचीने फ्रिजवर गोळ्यांचा तक्ता लावलाय, प्रत्येक गोळीला रंग. फार व्यवस्थित मुलगी. डोळ्यांखाली काळं आलंय तिच्या.

दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा छोटी म्हणाली, “जिवंत आहे, ठेव आता.” मला ते बोलणं आवडलं नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आली. दोन मजले चढून आली, मध्ये एकदा बसून. मी म्हटलं, आम्ही तुझ्याकडे येतो. तर म्हणे, “माझ्या घरी औषधांचा वास येतो. खेळ तुझ्याकडेच.”

मी शत्रू कमी केले होते. दलदलीच्या नकाशात सात बाणवाले होते, तीन ठेवले. तरी ती सरळ पुढे गेली! मुंगूस वाट काढतोय, काढेवाली मागे थांब म्हणतेय, आणि ही आपली चिखल तुडवत चाललीय.

“कुऱ्हाडी, ढाल तरी घे,” मास्तर म्हणाले.

“दोन हात आहेत, दोन कुऱ्हाडी आहेत. ढाल काय दातात धरू?”

“दात माझ्या खात्यातले,” भाची म्हणाली. सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता विषारी बाण लागल्याचं सांगावं लागलं, कारण फासा तसा पडला होता आणि तो मास्तरांच्या समोर पडला होता. प्राण शून्य.

आडोशामागे सात आला. मी बारा म्हटलं.

मास्तर म्हणाले, “नशीब बघा. आमच्या चोरांना कधी बारा आला नाही.”

म्हणजे दोनदा. पेन्सिलने लिहिते, पुसता यावं म्हणून. पण पुसणार नाही. कचेरीत आम्ही चूक खोडायचो नाही, शेजारी बरोबर आकडा लिहून सही करायचो.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

विशेष काही नाही. गॅस बंद आहे का ते तीनदा बघितलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज माय-लेकींचं वाजलं, आणि तेही खेळात.

दलदलीच्या मधोमध बुडालेलं शहर आहे. त्याच्या वेशीवर चिखल्या पुन्हा आला. कुऱ्हाडीचे प्राण तीन उरले. काढेवालीने काढा काढला. कुऱ्हाडी म्हणाली, “नको.”

“नको म्हणजे काय? तीन उरलेत.”

“काढा कडू असतो. अंगातली ताकद जाते. दोन दिवस नुसतं पडून राहावं लागतं.”

“असं नियमात कुठे आहे?” भाचीने माझ्याकडे बघितलं. नियमात असं काही नाही. काढ्याने प्राण वाढतात, बस.

“कुऱ्हाडीच्या बाबतीत आहे,” छोटी म्हणाली. मग मला विचारलं, “सूत्रधार, एक सांग. जखमी माणूस नको म्हणत असेल, तर वैद्याला त्याच्या तोंडात काढा ओतता येतो का?”

मी म्हटलं, “पुस्तकात बघावं लागेल.”

“आई, मी ओतणार,” भाची म्हणाली. तिचा आवाज एकदम चढला. “ओतणार म्हणजे ओतणार. तू बेशुद्ध पडलीस की ओतणार.”

“म्हणून तर शुद्धीत असताना सांगतेय.”

मास्तर आपल्या पेन्सिलीला टोक काढत बसले. टोक आधीच होतं.

मी घाईघाईने चिखल्याला मारायला लावलं, नुसतं ते बोलणं थांबावं म्हणून. प्राण शून्य. भाची हात पुढे करून थांबली, आईकडे बघत, आणि तिने काढा ओतला नाही. का नाही ओतला कोण जाणे. फासा दोन. दोन! मी अठरा म्हटलं. भाचीने डोळे मिटून घेतले. छोटी माझ्याकडे बघत राहिली.

असल्या हट्टीपणाने खेळली तर मी तरी किती सांभाळू?

रविवार, १६ फेब्रुवारी

पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं. काढा कसा करायचा, किती टिकतो, घोड्याला चालतो का, सगळं आहे. नको म्हणणाऱ्या जखमीबद्दल एक ओळ नाही. फोन करून छोटीला तसं सांगितलं.

ती म्हणाली, “मग आपणच ठरवायला हवं, ताई.”

मी म्हटलं, “पुढच्या शनिवारी ठरवू. तू आधी बरी हो.”

मग म्हणाली, “बरं.”

शनिवार, २२ फेब्रुवारी

आजचं अक्षर बघवत नाही.

कुऱ्हाडी बुडालेल्या शहराच्या वेशीत एकटी शिरली. मी दरवाजा अरुंद केला, पाणी उथळ केलं, चिखल्याला लंगडा केला. तरी पडली. आडोशामागे फासा टाकला. नऊ. एकाने हुकला. इतक्या जवळ होता की मला वाटलं, हा काही खरा नव्हे. पुन्हा टाकला. तीन. पुन्हा टाकला. सोळा.

“सोळा,” मी म्हटलं.

“कितवा?” छोटीने विचारलं.

“काय कितवा?”

“कितवा फासा सोळा आला?”

ती म्हणाली, “तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसले मी. तारेच्या पलीकडे कोण रडतंय, कोण रडून झालंय, ते मला हॅलोवरून कळायचं. फासा तीन वेळा पडला. पहिल्यांदा पडल्यावर तू श्वास आत घेतलास तो सोडलाच नाहीस.”

“आई, मावशीने काही वाईट हेतूने—”

“तू गप्प बस. तुला माहीत होतं.”

भाची गप्प बसली. म्हणजे तिला माहीत होतं. मी मास्तरांकडे बघितलं. ते टेबलावरच्या डागाकडे बघत होते.

“ताई, किती वेळा मेले मी?”

खोटं बोलता आलं असतं. पण वहीत लिहिलेलं होतं.

“चार.”

“चार वेळा मेले, आणि मला एकदाही सांगितलं नाहीस?”

“मला वाटलं, तू खचशील. डॉक्टर म्हणाले होते, मन—”

“कुऱ्हाडी मरूच शकत नसेल तर गेले चार शनिवार मी दोन मजले चढून कशाला येत होते? चहा प्यायला? तुझा चहा, ताई, आयुष्यात एकदा तरी धड झालाय का?”

मास्तरांना हसू आलं आणि त्यांनी ते खोकल्यात लपवलं. मग म्हणाले, “खरं सांगायचं तर माझे चार चोर मेले तेव्हा कुणी तीनदा फासा टाकला नाही.”

“तुमचे चोर मरायलाच जन्मले होते,” छोटी म्हणाली, पण हसली नाही. तिने आपला कागद उचलला, घडी घातली, पिशवीत ठेवला. “इतकी वर्षं या टेबलावर मला एक गोष्ट खात्रीने माहीत होती, की इथे जे होतं ते खरंच होतं. घरी सगळे मला छान दिसतेस म्हणतात. दवाखान्यात छान चाललंय म्हणतात. निदान इथे—”

भाची तिला घेऊन गेली. मास्तर खुर्च्या आत सरकवून गेले. आडोसा अजून टेबलावर उभा आहे.

सोमवार, २४ फेब्रुवारी

चौथं औषध. मला वाटलं होतं, मला येऊ देणार नाही. पण दारात उभी होती, टोपी घालून. रिक्षात एक शब्द नाही. माझ्या हातावर मात्र हात ठेवलेला होता, त्याचं काय समजायचं?

डॉक्टरांशी तिला एकटीने बोलायचं होतं. मी चाकाची खुर्ची आणायला गेले. परत आले तेव्हा दार उघडंच होतं. छोटी विचारत होती, “हे सगळं घेतलं तर किती मिळतील?” डॉक्टर म्हणाले, “जास्तीत जास्त दीड महिना.” मग मला बघून दोघंही थांबले.

दीड महिना! म्हणजे एवढंच उरलं. मी मनात हिशेब केला, दोन फेऱ्या, फार तर तीन, की सुटली. इतके दिवस मला वाटत होतं, याला अंतच नाही. घरी येताना मी तिला म्हटलं, “आता थोडंच राहिलंय गं.”

ती म्हणाली, “हो, ताई. थोडंच राहिलंय.” आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मला वाटतं, राग गेला.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

मास्तर छोटीचे कपडे घेऊन वर आले होते. गेल्या पाच महिन्यांत तिसऱ्यांदा आत घेतलेत. दर वेळी ते शिवणीत माया ठेवायचे, अंग भरलं की उसवून देईन म्हणत. आज बघितलं तर आतलं कापड साफ कापलेलं.

मी रागावलेच. “चांगलं कापड वाया घालवलंत, मास्तर. तिचं वजन वाढल्यावर काय करायचं?”

“त्यांनीच सांगितलं. टोचतं म्हणाल्या, कापून टाका.” कपड्यांची घडी पुन्हा पुन्हा नीट करत राहिले.

“मग तुम्ही समजवायचं तिला.”

“चाळीस वर्षं गिऱ्हाइकाचं माप घेतोय, ताई. आपल्या मनातलं माप घेऊन कपडा शिवला तर तो गिऱ्हाइकाला बसत नाही.” मग म्हणाले, “मीही काही साधू नाही. दोनदा मुंगूस मुद्दाम आडवा घातला मी, त्यांच्यावरचा वार चुकवायला. कुऱ्हाडीबाई मला काय म्हणाल्या सांगू? बाजूला हो मेल्या, माझा राक्षस आहे.”

हसले आणि रुमाल काढून नाक शिंकरलं. मी चहा ठेवला. त्यांनी नको म्हटलं. माझा चहा खरंच इतका वाईट असतो का?

शनिवार, १ मार्च

चार वाजता टेबल पुसून बसले. कुणी आलं नाही. पाचला छोटीचा फोन.

“आज अंगात जोर नाही. पुढच्या शनिवारी येईन. पण अट आहे. आडोसा काढायचा, फासा उघड्यावर. चिखल्याचे पाय तू मोडलेत ते परत जोड.”

“तुला कसं कळलं?”

“अकरा वर्षांत तुझा एकही राक्षस लंगडा नव्हता. आणि काढ्याचं ठरलं का?”

मी म्हटलं, “तू सांग.”

“जखमी शुद्धीत असेल तर त्याचं ऐकायचं. वैद्याने काढा पुढे करायचा, एकदा विचारायचं, आणि ऐकायचं.”

“तुझी लेक मानेल?”

“तिच्याशी बोलले मी. रडून झालंय तिचं. तुझंच राहिलंय.”

माझं काय राहिलंय, हे विचारायच्या आत फोन ठेवला.

गुरुवार, ६ मार्च

चिखल्याचे पाय जोडले. सातही बाणवाले परत आणले. दिवसभर नकाशा शाईने पक्का करत होते. वेशीजवळची रेघ दोनदा जाड झाली.

मला या वयात एका खेळातल्या बाईची इतकी भीती का वाटावी? ऑफिसात साहेबांनी पूररेषा चार घरं पलीकडे सरकव म्हणून सांगितलं होतं, तेव्हा मी नाही म्हटलं होतं. पाणी जिथे येतं तिथेच रेघ येते, म्हटलं होतं. तेव्हा रेघ जाड झाली नव्हती.

शनिवार, ८ मार्च

मास्तरांनी आणि भाचीने तिला खुर्चीत बसवून वर आणलं, एकाने खुर्चीची पाठ धरून, एकाने पाय धरून. वर येईपर्यंत दोघं घामाघूम आणि ही मात्र मजेत. “राणीची स्वारी. वजन नाही म्हणून वाचलात.”

आडोसा मी आधीच कपाटात ठेवला होता. टेबल उघडंबोडकं दिसत होतं. माझी सगळी टिपणं सगळ्यांना दिसत होती. कुणी बघितली नाहीत.

खेळ फार चांगला झाला. हे लिहायलाच हवं. किती आठवड्यांनी मी खरा राक्षस खेळवला. मुंगसाने वेशीचं कुलूप उघडलं आणि स्वतःचा अंगठा त्यात अडकवला. काढेवालीने चिखलातून सात माणसं बाहेर काढली; बुडालेल्या शहरात अजून माणसं होती, हे कुणालाच माहीत नव्हतं, मलासुद्धा गुरुवारीच कळलं. त्यांना बाहेर न्यायचं तर कुणीतरी वेशीत उभं राहायला हवं होतं.

“मी,” कुऱ्हाडी म्हणाली. कुणी वाद घातला नाही.

पाच डाव उभी होती. छोटी प्रत्येक वार तोंडाने सांगत होती, कुठून फिरवला, कुठे बसला. गाल लाल झाले होते. प्राण दोन उरले तेव्हा भाचीने काढा पुढे केला. आमच्याकडे काढा म्हणजे हिरवी सोंगटी.

“हवा?” तिने विचारलं. एकदाच.

“नको गं. त्या सात जणांत लागेल कुणाला.”

भाचीने सोंगटी मुठीत धरली. उठली, मोरीत जाऊन तोंड धुतलं, परत येऊन बसली. म्हणाली, “मी इथेच आहे, कुऱ्हाडी.”

“ठाऊक आहे. म्हणून तर उभी आहे.”

चिखल्याचा वार बसला. प्राण शून्य.

फासा माझ्या हातात होता. छोटी म्हणाली, “टाक, ताई. जिथे येईल तिथे येईल.” मी टेबलाच्या मधोमध टाकला. तो बराच वेळ फिरला, बिस्किटांच्या बशीला लागून थांबला.

सहा.

सगळ्यांना दिसत होता. तरी ते सूत्रधारानेच म्हणायचं असतं. मी मोठ्याने म्हटलं, “सहा.”

“झालं?”

“झालं.”

मला वाटलं होतं, ती रडेल. तिने दोन्ही हात वर करून असा आळस दिला, जसा माणूस लांबच्या प्रवासातून उतरल्यावर देतो. मग बशीतलं बिस्किट घेतलं. मग दुसरं. आठवडाभर तिने काही घन खाल्लं नव्हतं. “बाहेर पडले का ते सात जण?” विचारलं. पडले होते. मास्तरांनी टोपी काढली. डोक्यावर टोपी नव्हती, पण काढल्यासारखं केलं.

“आता वाटणी,” छोटी म्हणाली. “ताई, तू लिही, तुझं अक्षर चांगलं. मी सांगेन तसंच लिहायचं. सुधारायचं नाही.”

रविवार, ९ मार्च

सकाळी भाचीचा फोन आला. सतरा तारखेची दवाखान्याची वेळ तिने रद्द केली. मी विचारलं, मग पुढची कधीची घेतलीस?

ती म्हणाली, “पुढची नाही, मावशी. आईने ठरवलंय. डॉक्टरांना माहीत आहे. घरी नर्स येईल, दुखू देणार नाहीत.”

मी म्हटलं, अगं पण डॉक्टर म्हणाले, दीडच महिना राहिलाय, एवढं केलं तर—

“मावशी, तो दीड महिना औषधाचा नव्हता. सगळी औषधं घेऊन आयुष्यात वर मिळणारा होता. त्यातला निम्मा तिने बादलीवर वाकून काढायचा.” ती थांबली. “काल तू सहा म्हणालीस ना मोठ्याने? तसंच म्हणायचंय हे. मला जमलं. तुलाही जमेल.”

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभी राहिले. मग मोठ्याने म्हणून बघितलं. घरात कुणी नव्हतं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा पूर्ण वाक्य झालं.

काल लिहून घेतलेला कागद इथे उतरवते. शब्द तिचे आहेत, एकही सुधारलेला नाही.

कुऱ्हाडीची वाटणी.

दोन्ही कुऱ्हाडी मुंगसाला. त्याला त्या उचलवणार नाहीत. विकाव्यात आणि चांगली दोरी घ्यावी, म्हणजे सहावा चोर लागणार नाही.

चिलखत काढेवालीला. ती कायम मागे उभी राहते म्हणून अकरा वर्षांत कुणी तिला चिलखत द्यायचं मनावर घेतलं नाही. चूक आमची.

उरलेला काढा तिनेच प्यावा. दुसऱ्याला पाजत फिरते, स्वतः कधी पीत नाही.

घोडी कुणाला देऊ नये. खोगीर काढून सोडून द्यावी.

माझी निळी शाल आणि शिवणाचं मशीन मुलीला. (खेळात मशीन नाही, असं मी म्हटलं. लिही म्हणाली.) मशीन मास्तरांनी आधी तेलपाणी करून द्यावं, आणि तिने मास्तरांना त्याचे पैसे विचारू नयेत, ते चिडतात.

माझी खुर्ची दुसऱ्या कुणाला द्यावी. रिकामी ठेवून तिच्याकडे बघत बसू नये. जो येईल त्याला पहिल्याच दिवशी नियम सांगावेत, सगळे.

(सूत्रधाराला काही मिळत नसतं, असं मी म्हटलं. गप्प लिही म्हणाली.)

माझे सोमवार ताईला. सतरा तारखेपासून जेवढे असतील तेवढे सगळे. तिने सकाळी दहाला मला घ्यायला यावं, साडेआठला नाही. दवाखाना सोडून कुठेही न्यावं.